साठवण-सर्व्हर सुरू कशावरून करावा?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या अंतरंगाविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या घरात महाविद्यालयाची पायरी पहिल्यांदा माझ्याच पिढीने चढली, त्या घराचा इतिहास पुस्तकांत नसतो. तो आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत, चार-दोन जुन्या फोटोंत आणि जमिनीच्या कागदांत असतो. आजी आता थकली आहे; मोबाइलवर मुद्रित केलेल्या तिच्या ओव्या पुन्हा तशा मिळणार नाहीत. हे सारे मी एका जुन्या संगणकात, मोठ्या हार्डडिस्कवर साठवले आहे. घरातील प्रत्येकाला आपापल्या मोबाइलवरून ते पाहता-ऐकता येते. अशा संगणकास साठवण-सर्व्हर म्हणतात.

तो उभारताना सर्वांचे लक्ष मोठ्या हार्डडिस्ककडे असते. परंतु संगणक सुरू होताना आपली कार्यप्रणाली कोठून वाचणार, हाही प्रश्न असतो. ज्या साधनावरून ती वाचली जाते, ते बूट डिव्हाइस. ‘ट्रूनॅस’ ही या कामासाठीची प्रसिद्ध कार्यप्रणाली. ती आपली बूट डिस्क स्वतःसाठीच राखून ठेवते, तिच्यावर फोटो वा ओव्या ठेवू देत नाही. म्हणून मोठी डिस्क तिला देणे म्हणजे जागा वाया घालवणे. १२० जीबीची लहान एसएसडीदेखील तिला भरपूर होते.

मग साधा पेनड्राइव्ह का नको? २०२० पूर्वी या प्रणालीचे नाव ‘फ्रीनॅस’ होते आणि ती पेनड्राइव्हवरून चालवण्याचा प्रघात होता. पुढे बूट डिव्हाइसवर लिहिण्याचे काम वाढले. फ्लॅश स्मृतीचा प्रत्येक भाग ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. एसएसडी हा भार सर्व भागांवर सारखा वाटते. स्वस्त पेनड्राइव्हला ते नीट साधत नाही आणि तो लवकर झिजतो. अर्थात सरसकट नियम करू नये. ‘अनरेड’ ही प्रणाली पेनड्राइव्हवरून उचलली जाऊन मुख्य स्मृतीतच चालते, त्यामुळे तेथे तो शोभतो.

जुन्या संगणकात साटा जोडण्या मोजक्याच असतात. एक बूट डिस्कने अडवली की साठवणीची एक हार्डडिस्क कमी होते. मदरबोर्डवर एम.२ खाच असल्यास एसएसडी तेथे बसवावी. नसल्यास यूएसबी पेटीत घालून जोडावी.

बूट डिस्क बिघडली म्हणजे ओव्या गेल्या, असे मात्र नव्हे. ट्रूनॅसमध्ये साठ्याची रचना साठवणीच्या हार्डडिस्कवरच नोंदलेली असते. नव्या डिस्कवर प्रणाली बसवून तो साठा पुन्हा जोडून घेता येतो. जातात त्या वापरकर्त्यांच्या नोंदी व मांडणी. म्हणून मांडणीची फाइल उतरवून दुसरीकडे ठेवावी. साठा किल्लीने कुलूपबंद केला असेल, तर ती किल्लीही बाहेर जपावी. तीच हरवली, तर हार्डडिस्क धडधाकट असूनही आतले काही वाचता येणार नाही. एकसारख्या दोन बूट डिस्क जोडल्याने काम खोळंबत नाही. पण मांडणीतील चूक दोन्हींवर सारखीच उतरते.

माझ्या मते, बूट डिस्कवर थोडकाच खर्च करावा आणि उरलेल्या पैशांत आणखी एक हार्डडिस्क घेऊन साऱ्या साठ्याची प्रत एखाद्या नातेवाइकाच्या घरी ठेवावी. प्रणाली पुन्हा बसवता येते. आजीचा आवाज पुन्हा आणता येत नाही.