लग्नाचा कॅमेरा : गोरज मुहूर्त आणि अवकाळी

गेल्या भागात भर दुपारच्या उन्हाचा विचार केला. आज आभाळ भरून आल्यावर काय करायचं ते पाहू, आणि त्यासाठी आदिलाबाद जिल्ह्यात जाऊ. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ संपून हा जिल्हा लागतो. तेलंगणात असला तरी इथल्या कितीतरी घरांत मराठी बोलतात. एखाद्या मांडवात अंतरपाट धरला जातो आणि नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळही ठेवतात. कुंताला धबधब्याच्या बाजूला, एखाद्या शेतघरावर पन्नास माणसांत लग्न करायचं ठरलं, तर फोटोग्राफरने तारीख विचारताच महिना बघावा.

कार्तिक-मार्गशीर्षात भीती असते ती बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळाची. डिसेंबर २०२३ मध्ये बापटलाजवळ धडकलेल्या मिचाँगसारखी वादळं काही दिवस आधी कळतात. इतक्या आत येईपर्यंत वारा बहुधा ओसरलेला असतो. उरते ती रिपरिप आणि दिवसभर सारखा, मऊ उजेड. चेहऱ्यांसाठी तो चांगलाच. मात्र अशा दिवसांत जोडप्याला कुंतालाच्या खडकांवर उभं करू नये. डोक्यावर थेंब नसतानाही वरच्या अंगाला झालेल्या पावसाने धबधब्याची कडेम नदी चढते. याच नदीवर खाली असलेल्या कडेम धरणात जुलै २०२२ मध्ये दरवाज्यांतून सोडता येईल त्याहून जास्त पाणी आलं होतं.

खरा घोर वैशाखाचा. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, तापलेली हवा वर चढते, ढग उभे वाढतात, आणि दुपार कलल्यावर वारा, विजा, कधी गारा. गोरज मुहूर्तही त्याच सुमाराचा! माझं ठाम मत आहे की मुहूर्ताला फोटोग्राफरने हात लावू नये, पण मुहूर्ताशी न बांधलेलं सगळं सकाळीच उरकावं. जोडप्याचे फोटो, दोन्हीकडच्या मंडळींचे फोटो, आजी-आजोबा तर सर्वांत आधी. नवरीच्या आईला हे आदल्या रात्रीच सांगावं, म्हणजे सकाळी साड्यांवरून ओढाताण होत नाही.

दुपारनंतर हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज बघत राहावं. रडारचं चित्र उपयोगी आहे, पण नागपूरचं रडार आदिलाबाद शहरापासूनच सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा झोत इथे जमिनीपासून तीन किलोमीटरहून अधिक उंचावरून जातो, खालचं त्याला दिसत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देतं. आणि कान आहेतच. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. ड्रोन उतरवा, लाइटचे लोखंडी स्टँड आडवे करा, सगळ्यांना पक्क्या छताखाली न्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पन्नास माणसं ओसरीत मावतात, लहान लग्नाचा हा मोठा फायदा. म्हणून ओसरीत अक्षता पडल्या तर कुठे उभं राहायचं, हे सकाळीच ठरवून ठेवावं.

नुसता पाऊस असेल तर मांडवावर निळी ताडपत्री चढते, आणि इथेच फोटो बिघडतात. ताडपत्रीतून गाळून आलेला उजेड कातडीवर निळसर बसतो, गालावरची हळद हिरवट दिसते. त्यात एका बाजूने पिवळा बल्ब लागला की अर्धा चेहरा निळा, अर्धा पिवळा. व्हाइट बॅलन्स बदलून हे सुटत नाही, कारण तो एका वेळी एकच रंग सावरतो. जोडप्याला मांडवाच्या कडेला, उघड्या आभाळाकडे तोंड करून बसवा. ते जमत नसेल तर बल्ब बंद करून पांढऱ्या भिंतीवर किंवा चादरीवर फ्लॅश मारा. डेकोरेशनवाल्याकडे आधीच पांढरी ताडपत्री मागितली, तर हा सगळा खटाटोप वाचतो.

थेंब फोटोत हवे असतील तर फ्लॅश जोडप्याच्या मागे, कॅमेऱ्याकडे तोंड करून, पिशवीत गुंडाळून ठेवा. पाठीमागे गडद झाडी असली की थेंब उठून दिसतात.

पुढच्या भागात वीज गेलेल्या मांडवातली सप्तपदी.