उभ्याने राबणाऱ्यांचे पाय

शिरांच्या रोगांवर उपचार करणारे तज्ज्ञ डॉक्टर आपल्या देशात एकत्र आलेले आहेत. ‘व्हीनस असोसिएशन ऑफ इंडिया’ ही त्यांची संस्था. अशा संस्थेने पुढे कोणते काम अंगावर घ्यावे हे डॉक्टरांनीच ठरवावे, असे कोणी म्हणेल. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळाही आमच्या वाट्याला थोडीच आली. पण हे दुखणारे पाय बहुतेक करून कष्टकऱ्यांचे असतात, म्हणून चार शब्द बोलणे आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम रोग समजून घेऊ. हृदयाने पायापर्यंत धाडलेले रक्त परत वर चढविण्याचे काम मुख्यतः पोटरी करते. माणूस चालला की पोटरी आवळते, शिरेतले रक्त वर सरकते, आणि ते खाली घसरू नये म्हणून शिरेत जागोजागी नाजूक झडपा असतात. विहिरीवरच्या पंपाच्या तळाशी झडप असते ना, तशीच ही योजना. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध केले, तेव्हा याच झडपांचा दाखला दिला होता. माणूस पाळीचे आठ तास एका जागी उभा राहिला म्हणजे पोटरी स्वस्थ, आणि रक्ताचा सारा भार शिरांवर. त्या फुगतात, झडपा नीट मिटेनाशा होतात. आनुवंशिकता, वय, बाळंतपणे यांचाही वाटा असतोच. पुढे पाय सुजतो, घोट्याच्या आतल्या अंगाची कातडी काळवंडते आणि तेथे व्रण पडतो. तो महिनोन्महिने भरत नाही.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पाहा. येथे कागद गिरणी आहे, कोळशाच्या खाणी आहेत, औष्णिक वीजकेंद्र आहे. पूर्वेकडे धानाच्या बांध्या. रोवणीच्या दिवसांत असा व्रण घेऊन बाई चिखलात उतरते. पण या भागाची खरी अडचण निराळीच. येथे हत्तीरोग आहे, म्हणून सुजलेला पाय दिसला की लोक हत्तीपाय म्हणतात. येथे कुष्ठरोगही आहे. वरोऱ्याचे आनंदवन उगीच उभे राहिले नाही. म्हणून पायावरची न भरणारी जखम माणूस धोतराखाली लपवितो. शिवाय सिकलसेलच्या रोग्यालाही घोट्यापाशी व्रण होऊ शकतो. चार दुखणी एकाच पायावर, आणि उपचार चारही वेगळे!

शहरात लेसरने बिघडलेली शीर आतून बंद करतात व रोगी त्याच दिवशी घरी जातो. असे लवकर केले तर व्रणही लवकर भरतो, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत दिसून आले. चांगलेच आहे. परंतु शिरेच्या व्रणाचा मूळ उपचार म्हणजे पावलापासून गुडघ्यापर्यंत नीट ताण देऊन बांधलेली पट्टी. मात्र पायाच्या रोहिणीत अडथळा असेल तर हीच पट्टी घात करते. म्हणून आधी पावलाची नाडी तपासावी लागते. हे शिकविता येण्याजोगे आहे. १९८६ पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाची शुश्रूषा शिकविली, आणि त्याचे फळ १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जगाने वाचले. मग पाय ओळखणे, पट्टी बांधणे आणि कोणता रोगी पुढे पाठवायचा हे ठरविणे का शिकविता येऊ नये? हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला माणसे घरोघर जातातच; त्याच फेरीत पायही पाहावेत. हे शिक्षण तज्ज्ञांच्या संस्थेनेच द्यावे. तिची अधिवेशने मोठ्या शहरांत खुशाल भरोत, पण एखादा वर्ग अहेरीलाही भरावा.

दुसरे काम कायद्याचे. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय हवी, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात होते. २०२० च्या संहितेतही ती तरतूद आली आहे. स्टूल मागितले की साहेब म्हणतात, बसलेला माणूस पेंगतो! कळविणे बंधनकारक असलेल्या धंदेरोगांच्या यादीत शिसे आहे, पारा आहे. उभे राहून फुगलेल्या शिरा नाहीत. त्या यादीत याव्यात की नाही, हे संस्थेने अभ्यासून सरकारला लेखी कळवावे. आणि किती वेळ उभे राहिल्यावर किती मिनिटे बसू द्यावे, कोणत्या कामात चालते-फिरते ठेवावे, याचा कागद मराठीत छापून द्यावा. मालकापुढे तो ठेवण्याचे काम आमच्याकडे लागले.