मचाण, पिस्तूल आणि एक मिलिमीटर

वाशीम : हरभरा घाट्यावर आला, की कारंजा आणि मानोरा तालुक्यांतील शिवारांत रात्री विजेऱ्यांचे झोत फिरू लागतात. शेताच्या मधोमध चार बल्ल्या रोवून बांधलेले मचाण, त्यावर तुराट्यांचे छप्पर, एक घोंगडी, उशाशी गोफण आणि बडवायला पत्र्याचा डबा, एवढ्या सामग्रीनिशी शेतकरी जागलीला बसतो. रोह्यांचा कळप एकदा शेतात शिरला, तर खातो त्याहून अधिक तुडवतो. हरणांचा कळप सोयाबीनचे कोवळे कोंब खुडून जातो, तेव्हा तर दुबार पेरणीची वेळ येते. अशा रात्रींनंतरच ‘शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना द्या’ ही मागणी पुन्हा डोके वर काढते. विदर्भात ती नवी नाही.

मचाणावर बसून हरीण टिपण्याचा प्रकार अमेरिकेत आजही कायदेशीर आहे. तेथे हंगामात परवाना घेऊन शिकारी झाडाच्या खोडाला पट्ट्यांनी आवळलेल्या लहानशा आसनावर तासन्‌तास बसतात. बहुतेकांच्या हाती रायफल किंवा धनुष्य असते. काही जण मात्र हौसेने पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर नेतात. 1955 मध्ये पॉइंट 44 मॅग्नम हे जबर काडतूस आले आणि या हौसेला बळ मिळाले. तेथील अनुभवी शिकाऱ्यांपुढील पहिला प्रश्न नेम कसा धरावा हा नसतो. हात हलू कसा द्यायचा नाही, हा असतो. वाशीमच्या मचाणावरील माणसाला या प्रश्नाचे उत्तर वापरण्यासाठी नव्हे, पण समजून घेण्यासाठी उपयोगाचे आहे.

नेम धरताना नळीच्या मागील बाजूची खाच आणि पुढील टोकावरची माशी एका रेषेत आणावी लागते. पिस्तुलात या दोहोंमधील अंतर साधारण 15 सेंटिमीटर असते. माशी जागची एक मिलिमीटर ढळली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे 17 सेंटिमीटर बाजूला जाते. 50 मीटरवर 33 सेंटिमीटर. रायफलीत खाच आणि माशी यांत 60 सेंटिमीटर अंतर असेल, तर त्याच एका मिलिमीटरची किंमत 50 मीटरवर आठ सेंटिमीटरच्या आसपास राहते. अमेरिकी हरणाच्या हृदय व फुफ्फुसांचा भाग 20 ते 25 सेंटिमीटर व्यासाचा धरतात. म्हणजे 50 मीटरवरून पिस्तुलाची माशी मिलिमीटरभर हलली, की गोळी एक तर हवेत जाते किंवा जनावराच्या पोटात. दुसरी शक्यता अधिक वाईट. पोटात गोळी लागलेले हरीण जागीच पडत नाही. ते पळत सुटते आणि कित्येक तासांनी कोठेतरी तडफडून मरते.

नेमबाजीच्या क्रीडांगणावरही हा फरक मान्य झालेला आहे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो; एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर तोच ठिपका साडेअकरा मिलिमीटरचा. अंतर तेच, मोबदल्यात 23 पट मोठे लक्ष्य! पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली कांस्यपदक जिंकणाऱ्या स्वप्नील कुसाळे यांच्या रायफलीला खांदा, गाल आणि दोन्ही हात असा आधार असतो. 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवणाऱ्या राही सरनोबत यांना मात्र नियमानुसार एकाच हाताने, मनगटालाही आधार न देता गोळी झाडावी लागते. दोघेही कोल्हापूर जिल्ह्यातील. वर्षानुवर्षांच्या सरावाने जे त्यांना साधते, ते थंडीने कुडकुडत बसलेल्या माणसाला आयत्या वेळी साधेल, हे संभवत नाही.

म्हणूनच पिस्तुलाचा शिकारी जमेल तेथून आधार गोळा करतो. पाठ झाडाच्या खोडाला टेकलेली, दोन्ही हात पिस्तुलावर, कोपरे गुडघ्यांवर किंवा मचाणाच्या कठड्यावर. कठड्यावर टेकायचे ते हात, नळी नव्हे. कठीण लाकडावर टेकलेली नळी गोळी सुटताना उसळते आणि नेम वर जातो. लाकूड आणि हात यांमध्ये घडी केलेला कोट किंवा वाळूची लहान पिशवी ठेवतात. रिव्हॉल्व्हर असेल तर आणखी एक पथ्य : काडतुसांचे फिरते चाक आणि नळी यांच्या फटीतून तप्त वायू बाहेर फेकला जातो, त्यामुळे त्या फटीजवळ बोट अथवा कापड येऊ द्यायचे नाही. नजर माशीवर खिळवायची, हरीण धूसर दिसले तरी चालते. श्वास अर्धा सोडून थांबवायचा आणि घोडा हिसका न देता सावकाश सरळ मागे ओढायचा.

इतके करूनही छातीतील धडधड थांबत नाही. हरीण समोर आले, की भल्याभल्यांचे हात कापू लागतात. झाड वाऱ्याने डोलते ते वेगळेच. त्यामुळे जाणते शिकारी पिस्तुलाने फार लांबून गोळी झाडण्याच्या मोहात पडत नाहीत. त्यांची खरी शिस्त दिसते ती न झाडलेल्या गोळीत. शिवाय हे सारे दिवसाउजेडी, ओळखलेल्या जनावरावर आणि मागे कोणी नाही याची खात्री करून.

वाशीमची जागल असते रात्रीची. विजेरीच्या झोतात दिसतात ते फक्त डोळे. रोह्याचे, हरणाचे की शेजाऱ्याच्या सुटलेल्या वासराचे, हे सांगणे कठीण. कारंजाकडील माळ सपाट आहे. एका मचाणावरून सुटलेली गोळी पुढच्या धुऱ्यापलीकडील मचाणापर्यंत सहज पोहोचते आणि तेथेही कोणीतरी जागत असते. मचाणाच्या उंचीवरून खाली झाडलेली गोळी जमिनीत रुतते, हा युक्तिवाद मऊ मातीत खरा आहे. दगडगोट्यांच्या बरड रानात गोळी उसळून कोठे जाईल याचा नेम नाही.

आणि कायदा? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना घेऊन शिकारीला वाव होता. 1991 च्या दुरुस्तीने तो बंद झाला. शिकारीच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबरच जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. म्हणजे चुकलेली गोळीसुद्धा गुन्हाच. काळवीट अनुसूची 1 मध्ये आहे. त्याच्या शिकारीसाठी किमान 3 व कमाल 7 वर्षे कारावास आणि, 2022 च्या दुरुस्तीनंतर, किमान 25 हजार रुपये दंड आहे. याच काळविटांसाठी 2000 मध्ये जिल्ह्यात कारंजा-सोहळ अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम 18 चौरस किलोमीटर. कळपांना ही हद्द ठाऊक नाही. गवत संपले की पुढे हरभरा असतो. (काळवीट आणि रोही ही दोन्ही जनावरे शास्त्रीयदृष्ट्या खरी हरणे नव्हेत, ती कुरंग गटातील, त्यांची शिंगे दरवर्षी गळत नाहीत. बोलीभाषेला या भेदाशी कर्तव्य नाही, पिकालाही नाही.)

रोही आणि रानडुक्कर यांची गोष्ट थोडी निराळी. ही दोन्ही जनावरे आता अनुसूची 2 मध्ये आहेत आणि उभ्या पिकाचे नुकसान करत असल्यास प्राधिकृत वनाधिकारी कारणे नोंदवून पारधीची लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्राने 2015 मध्ये त्यासंबंधी शासन निर्णयही काढला. पण परवानगीचा कागद मिळाला तरी गोळी झाडणार कोण? ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, असे शेतकरी किती? 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणाच्या संदर्भात उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा, पिस्तुलाचा नव्हे. कानपूरला बनणारे पॉइंट 32 चे रिव्हॉल्व्हर माणसाच्या आत्मरक्षणासाठी घेतले जाते. दोनशे किलोच्या रोह्यावर ते झाडणे म्हणजे त्याला जखमी करून शेजाऱ्याच्या विहिरीत ढकलणे. शिवाय मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. ते परस्पर उचलता येत नाही. विदर्भाने या प्राण्याला ‘नीलगाय’ न म्हणता ‘रोही’ म्हटले, नावातून गाय गेली. तरीही त्याच्यावर बंदूक रोखायला अनेकांचा हात धजत नाही, ही गोष्ट वेगळीच.

बंदूक नाही म्हणून कुंपणात थेट वीज सोडण्याचा जो मार्ग काही जण पत्करतात, तो या सर्वांत घातक. त्या तारेला रोही आणि माणूस यांतला फरक कळत नाही. सौरकुंपणाचे यंत्र याउलट सुमारे सेकंदाला एकदा, क्षणार्धापुरता झटका देते. जनावर दचकून मागे फिरते, चिकटून बसत नाही. खर्च मात्र लहान शेतकऱ्याला एकट्याने पेलणारा नाही आणि तारेला गवत टेकले, तर झटका क्षीण होतो, म्हणून धुरा सतत साफ ठेवावा लागतो. ज्याच्या पिकाचे नुकसान झाले, त्याला भरपाईसाठी वन खात्याकडे अर्ज करून पंचनामा करवून घ्यावा लागतो. तोवर तुडवलेला हरभरा तसाच ठेवायचा, पुरावा म्हणून. आणि संध्याकाळी उरलेल्या पिकासाठी विजेरी घेऊन पुन्हा मचाणावर चढायचे.