नोटेवरचा चेहरा: नावाआधी निकष

चलनी नोट हा राज्यसंस्थेच्या हमीवर फिरणारा कागद असतो आणि त्यावर छापलेली व्यक्ती त्या हमीची जणू साक्षीदार होऊन देशातील प्रत्येकाच्या हाती रोज पोहोचते. पुतळा पाहायला चौकात जावे लागते, चरित्र वाचायला ग्रंथ उघडावा लागतो. नोट मात्र शेतमजुराच्या मजुरीपासून व्यापाऱ्याच्या गल्ल्यापर्यंत सर्वत्र असते आणि तिच्यावरील चेहरा मान्य नाही म्हणून ती नाकारण्याची सोय कोणालाच नसते. त्यामुळे हा सन्मान कोणाला द्यावा, तो कोणी ठरवावा आणि कोणत्या निकषांवर ठरवावा, हे तिन्ही प्रश्न राष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाशी थेट निगडित आहेत. यातील पहिल्या प्रश्नावर सर्वत्र हिरिरीने वाद होतात, पण उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या देशांनी आधी शोधली, त्यांनाच पहिल्याचे समाधानकारक उत्तर मिळाले, असे अनेक देशांच्या अनुभवावरून दिसते.

चेहराच का?

नाण्यावर राजाची मुद्रा उमटवण्याची प्रथा प्राचीन आहे आणि कागदी चलनाने ती तशीच पुढे चालवली. भारतात 1861 च्या कागदी चलन कायद्यानंतर सरकारने काढलेल्या पहिल्या नोटांवर राणी व्हिक्टोरियाचे छोटे चित्र होते. पुढे पंचम जॉर्ज आणि 1938 पासून रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर सहावे जॉर्ज आले. सत्ता कोणाची, हे सांगणे हा त्या चित्रांचा हेतू होता.

राजेशाहीच्या या वारशाला एक व्यावहारिक कारणही जोडलेले आहे. माणसाची नजर चेहऱ्यातील बारीक फरक चटकन टिपते. डोळ्यांची ठेवण किंवा ओठांची रेषा किंचित बिघडली, तरी काहीतरी चुकले आहे हे जाणवते, आणि म्हणून बनावट नोट ओळखण्यासाठी चेहरा उपयोगी पडतो. हा चेहरा सामान्यतः इंटाग्लिओ पद्धतीने, म्हणजे कोरलेल्या धातूच्या पत्र्यातील खाचांत शाई भरून आणि कागद त्यावर जोराने दाबून छापला जातो, त्यामुळे त्याच्या रेषा बोटांना उंचावलेल्या जाणवतात. तोच चेहरा अनेकदा जलचिन्हातही, म्हणजे नोट प्रकाशासमोर धरल्यावर कागदाच्या आत दिसणाऱ्या आकृतीतही, पुन्हा वापरला जातो.

यातूनच निवडीचा पहिला निकष येतो: व्यक्तीचे स्पष्ट आणि विश्वासार्ह चित्र उपलब्ध हवे. वरवर तांत्रिक वाटणारी ही अट प्रत्यक्षात फार मोठी गाळणी ठरते. छायाचित्रणापूर्वीच्या काळातील ज्या स्त्रिया, कारागीर आणि कष्टकरी यांचे चित्र कोणी काढले नाही, ते सारे तिच्यामुळे मागे पडतात. ज्ञानेश्वरांसारख्या संतांची घरोघर दिसणारी चित्रे नंतरच्या चित्रकारांच्या कल्पनेतून आलेली आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या अटीचा भारतीय इतिहासाच्या संदर्भातील अर्थ स्पष्ट होतो.

दुसरा निकष व्यक्ती हयात नसण्याचा. अमेरिकेत 1860 च्या दशकात नोटछपाई विभागाचे प्रमुख स्पेन्सर क्लार्क यांनी पाच सेंटच्या कागदी चलनावर स्वतःचेच चित्र छापले, त्यावर काँग्रेसमध्ये संताप व्यक्त झाला आणि 1866 मध्ये हयात व्यक्तीचे चित्र चलनावर छापण्यास कायद्याने बंदी आली. न्यूझीलंडने एडमंड हिलरी यांना 1992 मध्ये आणि दक्षिण आफ्रिकेने नेल्सन मंडेला यांना 2012 मध्ये त्यांच्या हयातीतच नोटेवर स्थान दिले, पण राजे-राण्या सोडल्या तर असे अपवाद मोजकेच आहेत. सत्तेवर असलेल्यांनी स्वतःचा गौरव करून घेऊ नये आणि व्यक्तीच्या कार्याचे मोल काळाच्या अंतरावरून ठरावे, हा या निकषामागील विचार आहे.

ब्रिटनला वादातून मिळालेली कार्यपद्धती

बँक ऑफ इंग्लंडने 1970 मध्ये वीस पौंडांच्या नोटेवर शेक्सपिअर छापला आणि दर्शनी बाजूस राणी, तर मागील बाजूस ऐतिहासिक व्यक्ती अशी परंपरा सुरू केली. वेलिंग्टन, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, न्यूटन, फॅरडे, डिकन्स, डार्विन अशी नावे क्रमाने येत गेली; मात्र ती कशी ठरतात, याची सामान्य माणसाला फारशी कल्पना नव्हती. एप्रिल 2013 मध्ये पाच पौंडांच्या नोटेवरील तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्राय यांच्या जागी विन्स्टन चर्चिल येणार असल्याचे जाहीर झाले, तेव्हा राणीखेरीज एकही स्त्री नोटांवर उरणार नाही, हे स्त्रीवादी कार्यकर्त्या कॅरोलिन क्रियाडो-पेरेझ यांनी निदर्शनास आणले. त्यांच्या मागणीपत्रावर हजारो लोकांनी सह्या केल्या आणि सार्वजनिक संस्थांवर समान वागणुकीचे बंधन घालणाऱ्या 2010 च्या समानता कायद्याचा आधारही त्यांनी घेतला. जुलै 2013 मध्ये नवे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी दहा पौंडांच्या नोटेवर कादंबरीकार जेन ऑस्टिन येतील, असे जाहीर केले.

या वादाचे अधिक मोलाचे फळ म्हणजे त्यातून आकाराला आलेली कार्यपद्धती. बँकेने निवडीची तत्त्वे लेखी स्वरूपात प्रसिद्ध केली आणि बाहेरच्या तज्ज्ञांचा समावेश असलेली सल्लागार समिती नेमली. ही समिती आधी क्षेत्र ठरवते, त्या क्षेत्रातील नावे नागरिकांकडून मागवते, त्यांची छाननी करून छोटी यादी तयार करते आणि अंतिम निर्णय गव्हर्नर घेतात. व्यक्ती खरी असावी, दिवंगत असावी, ब्रिटिश समाजाच्या जडणघडणीत तिचा वाटा असावा आणि तिच्या निवडीने समाजात अकारण फूट पडू नये, अशा अटी सर्वांना आधीच ठाऊक असतात.

पन्नास पौंडांच्या नोटेसाठी 2018 मध्ये विज्ञान हे क्षेत्र निवडले गेले, तेव्हा सहा आठवड्यांत 2,27,299 सूचना आल्या आणि त्यांतून 989 पात्र नावे निघाली. अंतिम बारा पर्यायांत रोझलिंड फ्रँकलिन, स्टीफन हॉकिंग आणि मॅक्सवेल यांच्याबरोबर केंब्रिजमध्ये काम केलेले भारतीय गणिती श्रीनिवास रामानुजनही होते. आलेल्या सूचना म्हणजे मते नव्हेत, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. लोकांनी पर्यायांचा परीघ वाढवायचा आणि जाणकारांनी त्यातून निवड करायची, अशी ही विभागणी आहे. अखेर संगणकशास्त्राचा पाया घालणारे ॲलन ट्युरिंग निवडले गेले आणि 23 जून 2021 रोजी, त्यांच्या जन्मदिनी, ही नोट चलनात आली. समलैंगिक संबंधांबद्दल 1952 मध्ये ज्यांना ब्रिटिश न्यायालयाने दोषी ठरवले आणि ज्यांना राजाज्ञेने माफी मिळायला 2013 साल उजाडावे लागले, त्याच ट्युरिंग यांना देशाच्या सर्वांत मोठ्या मूल्याच्या नोटेवर स्थान मिळाले. इतका धीट निर्णय लोकांसमोर समर्थपणे मांडता आला, याचे श्रेय त्यामागील खुल्या कार्यपद्धतीला दिले पाहिजे.

कॅनडा, अमेरिका आणि युरोप

कॅनडाने 2016 मध्ये दहा डॉलरच्या नोटेसाठी नागरिकांकडून स्त्रियांची नावे मागवली आणि संबंधित स्त्रीच्या निधनाला किमान पंचवीस वर्षे झालेली असावीत, अशी अट घातली. सव्वीस हजारांहून अधिक सूचनांमधून 461 पात्र नावे पुढे आली आणि शेवटी व्हायोला डेझमंड यांची निवड झाली. या कृष्णवर्णीय व्यावसायिक स्त्रीने 1946 मध्ये नोव्हा स्कॉशिया प्रांतातील एका चित्रपटगृहात गोऱ्यांसाठी राखलेली जागा सोडण्यास नकार दिला होता. त्यांची नोट 2018 मध्ये चलनात आली.

अमेरिकेत निवडीचा अधिकार अर्थमंत्र्यांच्या हाती एकवटलेला आहे. वीस डॉलरच्या दर्शनी बाजूवरील अँड्र्यू जॅक्सन यांच्या जागी गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन येतील, असे एप्रिल 2016 मध्ये जाहीर झाले. 2019 मध्ये पुढच्या सरकारच्या अर्थमंत्र्यांनी ते लांबणीवर टाकले आणि 2021 मध्ये त्यानंतरच्या सरकारने काम वेगाने करण्याची ग्वाही दिली. जॅक्सन स्वतः गुलामांचे मालक होते आणि मूलनिवासींना त्यांच्या भूमीवरून हटवणाऱ्या 1830 च्या कायद्यावर त्यांचीच स्वाक्षरी आहे, त्यामुळे हा वाद केवळ दोन चित्रांपुरता राहत नाही. निर्णय एका मंत्र्याच्या हाती असला, की तो सत्तापालटाबरोबर हेलकावे खातो, हे या उदाहरणावरून कळते.

युरोने वेगळी वाट धरली. कोणत्याही एका देशाचा महापुरुष निवडला, तर इतर देश दुखावतील, हे ओळखून 2002 मध्ये चलनात आलेल्या नोटांवर खिडक्या, दरवाजे आणि पूल छापले गेले आणि तेही प्रत्यक्षात कोठे नसलेले, केवळ स्थापत्यशैली दाखवणारे. या तटस्थतेलाही मर्यादा होत्या. नव्या नोटांच्या तयारीत युरोपीय मध्यवर्ती बँकेने जानेवारी 2025 मध्ये दोन पर्याय जाहीर केले: एकात नद्या आणि पक्षी, तर दुसऱ्यात मेरी क्युरी, बेथोव्हेन, लिओनार्दो दा विंची यांसारख्या व्यक्ती.

भारताची निवड

स्वातंत्र्यानंतर इंग्लंडच्या राजाच्या जागी महात्मा गांधींचे चित्र घ्यावे, असा विचार सुरुवातीला झाला होता आणि त्यासाठी आराखडेही तयार झाले होते. पण अखेरीस सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंहशीर्षावर एकमत झाले आणि 1949 मध्ये एक रुपयाची नोट त्या चिन्हासह निघाली. गांधीजी नोटेवर प्रथम आले ते 1969 च्या जन्मशताब्दीनिमित्त, वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमाच्या पार्श्वभूमीवर बसलेले. 1987 मध्ये पाचशेच्या नोटेवर आणि 1996 पासून संपूर्ण मालिकेवर त्यांचे चित्र आले. विविधतेसाठी भारताने नोटेची मागील बाजू वापरली. आजच्या मालिकेत वीसच्या नोटेवर वेरूळची लेणी, पन्नासच्या नोटेवर हंपी आणि शंभरच्या नोटेवर पाटणची राणी की वाव आहे.

रिझर्व्ह बँक कायदा, 1934 च्या कलम 25 नुसार नोटेचा आराखडा, स्वरूप आणि साहित्य यांना बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळाच्या शिफारशी विचारात घेऊन केंद्र सरकार मंजुरी देते. व्यक्ती कशी निवडावी, याचे निकष मात्र या कलमात नाहीत. भारताच्या वृत्तीचे गांधीजींहून अधिक चांगले प्रतिनिधित्व करणारी दुसरी व्यक्ती नाही, असा निष्कर्ष एका समितीने काढल्याचे सरकारने 2014 मध्ये लोकसभेत सांगितले, आणि जून 2022 मध्ये टागोर व अब्दुल कलाम यांची चित्रे येणार असल्याच्या बातम्या पसरल्या, तेव्हा असा कोणताही प्रस्ताव नसल्याचा खुलासा रिझर्व्ह बँकेने केला.

तरीही मागण्या थांबत नाहीत आणि त्या अप्रस्तुतही नाहीत. छत्रपती शिवाजी महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची नावे महाराष्ट्रात वेळोवेळी पुढे येतात. रुपयाच्या प्रश्नावर 1923 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या आणि पुढे भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष देणाऱ्या डॉ. आंबेडकरांचा तर चलनाच्या इतिहासाशीच थेट संबंध आहे. स्मारक नाण्यांनी ही गरज काही अंशी भागवली आहे, पण अशी नाणी रोजच्या व्यवहारात क्वचितच दिसतात.

एकच चेहरा ठेवण्याच्या भारतीय धोरणाने प्रांत, धर्म, भाषा आणि जातींची चढाओढ नोटांपासून दूर ठेवली, हा त्याचा मोठा गुण मान्य केलाच पाहिजे. नोटांचे मूल्यवर्ग बोटांवर मोजण्याइतके आणि थोर व्यक्ती असंख्य असलेल्या देशात हा संयम शहाणपणाचा आहे. पण शहाणपणाचा निर्णयही बंद दारांआड राहिला, तर त्याचे समर्थन करण्याची संधी लोकशाही गमावते, आणि उद्या तो बदलायचा झाल्यास बदल न्याय्य आहे की नाही, हे तपासायला नागरिकांच्या हाती कोणतेही माप राहत नाही. म्हणून रिझर्व्ह बँकेने आजचा चेहरा कायम ठेवूनही निवडीची तत्त्वे लेखी जाहीर करावीत, इतिहासकार, कलावंत आणि छपाईतज्ज्ञ यांची समिती नेमावी आणि निदान मागील बाजूच्या विषयांसाठी नागरिकांच्या सूचना मागवाव्यात. आपल्या आवडत्या महापुरुषाचे नाव पुढे करण्यापूर्वी प्रत्येक नागरिकाने या निकषांची मागणी करावी, कारण सर्वांना मान्य असलेल्या नियमांनी मिळालेला मानच त्या महापुरुषाच्या थोरवीला शोभतो.