जंजिऱ्याच्या दारांतला शरभ

मुरुडजवळच्या राजपुरीहून निघालेली होडी जंजिऱ्याच्या महादरवाजास लागली, कीं भिंतींतील शरभ दृष्टीस पडतो. शिळा कांहीं मोठी नव्हे. पशूचा आव मात्र विराट! चारही पंजांत चार हत्ती, शेपटीच्या विळख्यांत पांचवा. आणि हत्ती उंदरांएवढे! शेजारच्या सत्ताधीशांस सिद्दीनें दिलेला हा इशारा, असें सांगतात. आम्हांस तें अर्धेंच पटतें. कारण हत्तींस दाबणारा शरभ दख्खनच्या इतर दुर्गांवरही आढळतो. येथें मात्र त्याची बढाई खरी ठरली. इ. स. १६८२ च्या सुमारास संभाजीराजांनीं समुद्रांत सेतु बांधावयास घेतला, तरी किल्ला पडला नाहीं. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. शरभाच्या पंजांतले हत्ती अद्याप सुटलेले नाहींत.