आधी घाट आणि अंगण, मग कॅरव्हॅन

कॅरव्हॅन पाहायला गेलेले कुटुंब सगळ्यात आधी आत शिरते. गादी किती लांब आहे, शेगडी कुठे बसवली आहे, मुलांना वरचा बंक मिळेल का, हे पाहून होते आणि मनात खरेदी पक्की होते. ती ओढणार कोणती गाडी आणि उभी राहणार कुठे, हे प्रश्न घरी परतल्यावर सुचतात. महाड-पोलादपूर भागात तरी हा क्रम उलटा हवा. पूर्वेला वरंधा आणि आंबेनळी घाट, दक्षिणेला कशेडी आणि महाड शहरात सावित्री-गांधारीचा पूर. अशा मुलखात निम्मी निवड भूगोलच करून टाकतो.

राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात एका आसाच्या, दोन आसांच्या, तंबूच्या, घडीच्या अशा कॅरव्हॅनचीही नावे आहेत. म्हणजे इंजिनासकट येणारी मोटर कॅरव्हॅनच तेवढी खरी, असे नाही. आपल्या कारमागे जोडून नेण्याचाही पर्याय आहे. मुक्कामी पोचल्यावर खोली सोडून ठेवायची आणि गाडी घेऊन फिरायला जायचे, ही त्यातली मोठी सोय. मात्र मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हे वाहनच असल्याने त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. ट्रेलर घेण्याआधी आरटीओत चौकशी करावी.

केवळ हौसेखातर चाकांवरची खोली बांधून घेण्याची प्रथा इंग्लंडमध्ये 1885 साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरने रुजवली. त्याची ‘वाँडरर’ सुमारे दोन टनांची होती आणि तिला दोन घोडे जुंपलेले असत. ओढणाऱ्याची ताकद आणि मागचे ओझे यांचा मेळ हा तेव्हापासूनचा प्रश्न आहे. आज ब्रिटनमध्ये नवख्या चालकांना सांगतात की, भरलेल्या कॅरव्हॅनचे वजन कारच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांवर जाऊ देऊ नका. आपल्या घाटांसाठी हा आकडा मला फार सैल वाटतो. इथे मी 50 टक्क्यांची मर्यादा धरीन. बोलेरोसारखी गाडी सुमारे 1600 किलोची, म्हणजे मागे फार तर 800 किलो. वॅगन-आर जेमतेम साडेआठशे किलोची. तिच्यामागे कॅरव्हॅनचा विचारच नको. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिलेली नसेल, तर ती आपणच गृहीत धरू नये. गाडी अडकली की दोर बांधायला जे कडे दिलेले असते, ते ट्रेलर ओढण्यासाठी नसते.

विक्रेता सांगतो ते वजन बहुधा रिकाम्या कॅरव्हॅनचे असते. त्यात साठ लिटरची पाण्याची टाकी भरली की साठ किलो वाढले. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात जातो. गाद्या, भांडी, तांदळाची पिशवी, मुलांची सायकल धरली की दीडशे किलो कधी झाले ते कळत नाही. म्हणून सगळे सामान भरून कॅरव्हॅन एकदा मालट्रकच्या वजनकाट्यावर नेलीच पाहिजे.

आता घाट. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारी आंबेनळीची वाट चाळीसेक किलोमीटरमध्ये साधारण 1250 मीटर चढते. चढताना इंजिनाची कसोटी लागते हे सर्वांना ठाऊक असते, पण धोका जास्त उतरताना असतो. बोलेरो आणि कॅरव्हॅन मिळून 2400 किलो धरले, तर महाबळेश्वरहून पोलादपूरला येईपर्यंत या जोडीची सुमारे 29 मेगाज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. तेवढ्या ऊर्जेत जवळपास शंभर लिटर थंड पाणी उकळीला येईल. काही भाग हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण खातात, काही इंजिन खाते. उरलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकच्या डिस्क आणि ड्रममध्ये जाते. ब्रेक एका हद्दीपलीकडे तापले की लायनिंगची पकड कमी होते, ब्रेक ऑइलमध्ये ओल मुरलेली असेल तर त्याला बुडबुडे येतात आणि पेडल मऊ पडते. अशा वेळी पाय कितीही जोरात दाबला तरी गाडी हवी तिथे थांबत नाही.

कॅरव्हॅनचे स्वतःचे ब्रेकही इथे वेगळे वागतात. लहान ट्रेलरना बहुधा रेट्यावर चालणारे ब्रेक असतात. कारने ब्रेक मारला की मागचा ट्रेलर पुढे रेटतो, जोडणीची दांडी थोडी आत सरकते, केबल ओढली जाते आणि ट्रेलरची चाके आवळली जातात. सपाट रस्त्यावर ही रचना उत्तम चालते. लांब उतारावर मात्र ट्रेलर सतत रेटत राहतो, म्हणून त्याचे ब्रेकही सतत थोडे लागलेले राहतात आणि तापत जातात. उपाय जुनाच आहे: ज्या गियरमध्ये चढलो असतो, त्याच गियरमध्ये उतरायचे. उतार सुरू होण्याआधीच गियर खाली आणायचा. मधे रुंद जागा पाहून थांबायचे आणि ब्रेकना निवू द्यायचे. न्यूट्रलमध्ये उतरणे हा घाटातला गुन्हाच समजा.

कॅरव्हॅनचा पुढचा भार कारच्या मागच्या टोकावर बसतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अर्टिगासारख्या गाडीत त्यामुळे पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या चढावर थांबून पुन्हा निघताना ती जागीच फिरू लागतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बोलेरोत किंवा इनोव्हा क्रिस्टात हाच भार पकड वाढवतो. या भागात ओढायला गाडी निवडायची असेल, तर हा फरक इंजिनाच्या ताकदीइतकाच महत्त्वाचा आहे.

हा पुढचा भार मोजणे सोपे आहे. कॅरव्हॅन सपाट जागी उभी करा, चाकांपुढे-मागे दगड लावा. घरातला वजनाचा काटा जोडणीखाली ठेवा, काटा आणि जोडणी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा उभा धरा आणि पुढचे छोटे चाक हळूहळू वर घ्या. दांडी आडवी असताना काटा दाखवील तो आकडा भरलेल्या कॅरव्हॅनच्या वजनाच्या 5 ते 7 टक्के हवा. 800 किलोला तो 40 ते 56 किलो होतो. कार आणि तिची जोडणी यांना त्याहून कमी भार चालत असेल, तर अर्थात तीच मर्यादा पाळायची. याउलट जड सामान कॅरव्हॅनच्या मागच्या टोकाला कोंबले की हा आकडा घसरतो, आणि महामार्गावर ट्रेलर लोलकासारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो. वेग वाढेल तसे ते झुलणे आपोआप शमत नाही, वाढतच जाते. मोठी बस शेजारून गेली तरी ते सुरू होऊ शकते. तेव्हा ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि करकचून ब्रेक मारू नये. जड वस्तू आसाजवळ, कॅरव्हॅनच्या तळाशी ठेवल्या तर ही वेळ सहसा येत नाही.

वळणांचे गणित तर खरेदीपूर्वी कागदावरच करता येते. समजा, कारच्या पुढच्या आसाचा मध्य 6 मीटर त्रिज्येच्या वळणावरून चालला आहे. जोडणीपासून कॅरव्हॅनच्या आसापर्यंत साडेतीन मीटर अंतर असेल, तर पूर्ण वळणात तिच्या आसाचा मध्य सुमारे 4.2 मीटर त्रिज्येवरून जातो, म्हणजे जवळजवळ 1.8 मीटर आत. अंतर अडीच मीटर असेल तर त्रिज्या साधारण 4.8 मीटर येते. एवढ्या फरकावर घाटातले गटार चुकते आणि घरच्या फाटकाचा चिऱ्याचा खांब वाचतो.

वाड्यांमधली घरे पुष्कळदा रस्त्याच्या खालच्या अंगाला किंवा वरच्या बांधावर असतात आणि अंगणात शिरताना आखूड, तीव्र उतार किंवा चढ लागतो. कॅरव्हॅनचा तळ मागच्या टोकाला जमिनीपासून 35 सेंटिमीटर असेल आणि ते टोक आसाच्या दोन मीटर मागे असेल, तर 10 अंशांहून तीव्र चढाला लागताना ते घासणारच. हे अंगणात मोजपट्टी घेऊन तपासता येते. मागे घेताना स्टिअरिंग उलटे चालते, हे ट्रॅक्टरला ट्रॉली लावणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. शेजाऱ्याची ट्रॉली एकदा आपल्या अंगणात मागे घेऊन पाहा. ट्रॅक्टर कारपेक्षा कमी जागेत वळतो, तेव्हा त्यालाच अडचण झाली तर पुढचा विचार सोडून द्या.

उभी करण्याची जागा महाड शहरात असेल तर आणखी एक हिशेब आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 22 जुलै 2021 रोजी इथली बाजारपेठ पाण्याखाली गेली. कॅरव्हॅन ही मोठी, हलकी पेटी असते. चार मीटर लांब आणि दोन मीटर रुंद तळ म्हणजे 8 चौरस मीटर. तळाच्या वर फक्त 10 सेंटिमीटर पाणी चढले की ती 800 लिटर पाणी बाजूला सारते आणि आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार 800 किलोची उचल मिळते. तळ रस्त्यापासून अर्धा मीटर उंच धरला, तर गुडघ्याच्या जरा वर पाणी आले की कॅरव्हॅन तरंगू लागते. फटींतून पाणी आत शिरून ती पुन्हा जड होईलही, पण पाणी झपाट्याने चढले तर त्याआधीच ती वाहत जाऊन कोणाच्या तरी भिंतीवर आदळेल. पूररेषेच्या आत ती ठेवायचीच असेल, तर जूनच्या आधी उंचावर हलवण्याची जागा ठरलेली हवी. ती डोंगराच्या कड्याखाली मात्र नको. त्याच 22 जुलैला तळिये गावावर दरड कोसळली होती. पावसाळ्यातला मुक्कामही उतारापासून दूर असावा.

पावसाळाभर बंद राहणाऱ्या कॅरव्हॅनला बुरशी लवकर धरते, म्हणून तंबूच्या कापडाची कॅरव्हॅन इथे घेऊ नये. घन भिंतींची, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी घ्यावी, वर पत्र्याची शेड करावी.

माझा कौल एका आसाच्या, आखूड दांडीच्या, भरून 750 ते 800 किलोपर्यंतच्या कॅरव्हॅनला आहे, आणि तोही पुढे किमान 1600 किलोची गाडी असेल तरच. याहून मोठी हवी असेल तर वर्षातून दोन-तीनदा मोटर कॅरव्हॅन भाड्याने घेणे शहाणपणाचे. घेतलीत तर पहिली सहल आंबेनळीची करू नका. आधी रिकामी कॅरव्हॅन घेऊन महामार्गाने माणगावपर्यंत जाऊन या, मग भरलेली न्या, आणि ब्रेक किती तापतात हे कळल्यावरच प्रतापगडाची वाट धरा.