गाठ स्तनातली, काळजी मेंदूची



मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. तरीही आज स्तनाच्या कर्करोगाबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही हा रोग मेंदूपर्यंत कोणत्या स्त्रियांमध्ये जास्त पोचतो, याबद्दल. हा विषय डॉक्टरांचा खरा, पण यात शब्दांचाही बराच घोटाळा होतो. तो माझ्या वाट्याचा भाग समजा.

पहिला घोटाळा ‘निगेटिव्ह’ या शब्दाचा. करोनाच्या दिवसांपासून हा शब्द घराघरांत पोचला. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो, हे आपल्या मनात पक्कं बसलं. आता अंधेरीच्या किंवा घाटकोपरच्या एखाद्या घरात आईच्या गाठीचा रिपोर्ट येतो. कॉलेजात जाणारा मुलगा वाचून सांगतो, “आई, तिन्ही निगेटिव्ह आहेत, काळजी नको.” घर सुस्कारा सोडतं. पण इथे निगेटिव्ह म्हणजे रोग नाही, असा अर्थ नसतो. हा शब्द रोगाची जात सांगतो.

गाठीचा तुकडा काढून तपासतात तेव्हा तीन गोष्टी पाहतात. ईआर आणि पीआर म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनना पकडून ठेवणाऱ्या पेशीतल्या जागा. तिसरी गोष्ट हर-टू, म्हणजे पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम देणारं प्रथिन. ईआर-पीआर पॉझिटिव्ह असतील तर हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या पाच-दहा वर्षं देता येतात आणि त्या कामी येतात. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्या प्रथिनावर नेम धरणारी इंजेक्शनं आहेत. तिन्ही निगेटिव्ह असतील तर ही दोन्ही हत्यारं चालत नाहीत आणि मुख्य भार केमोथेरपीवर येतो. याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. भारतातल्या रुग्णांत या प्रकाराचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास आढळतं, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त.

आता मेंदूकडे वळू. १८८९मध्ये स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग रक्तातून कुठेही वाहत जाऊन अडकत असेल, तर सगळ्या अवयवांत सारखा दिसायला हवा होता. तसा तो दिसला नाही. पॅजेट म्हणाला, बी चहूकडे उडतं, पण मानवेल त्याच मातीत रुजतं. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सगळ्या गाठींचं बी सारखं नसतं. काहींना हाड मानवतं, काहींना फुप्फुस, काहींना मेंदू.

मेंदूची माती कोणाला मानवते? आजवरच्या अभ्यासांतून काही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. हर-टू पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्ह या दोन प्रकारांत धोका जास्त. कमी वयात, विशेषतः चाळिशीच्या आत झालेल्या रोगात जास्त. मोठी गाठ, काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचलेला रोग, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिसऱ्या श्रेणीची, म्हणजे झपाट्याने वाढणारी दिसलेली गाठ, यांतही जास्त. आणि रोग आधीच फुप्फुसात किंवा एकाहून अधिक ठिकाणी गेला असेल, तर आणखी जास्त.

आकडा सांगतो, पण नीट ऐका. रोग स्तनाबाहेर दूरच्या अवयवांत पसरलेला आहे, अशा स्त्रियांचा हा हिशेब आहे. त्यांच्यात हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह प्रकार असेल तर साधारण तिघींत एकीच्या मेंदूत पुढे गाठ आढळते. हार्मोन पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह प्रकारात हे प्रमाण शंभरात पंधराच्या आसपास राहतं. रोग स्तनातच असताना सापडला, तर धोका याहून फारच कमी.

हर-टूच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडली. ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन १९९८मध्ये अमेरिकेत मान्य झालं आणि या प्रकारच्या स्त्रियांचं आयुष्य वाढलं. पण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांवर निसर्गाने कडक पहारा ठेवला आहे. या औषधाचा रेणू मोठा, तो त्या पहाऱ्यातून सहज जात नाही. म्हणजे बाकी शरीरात रोग आटोक्यात, आणि मेंदूत मात्र त्याला लपायला जागा. त्यामुळे पुढे लहान रेणूची औषधं शोधली गेली. त्यांतलं टुकॅटिनिब २०२०मध्ये अमेरिकेत मान्य झालं. मेंदूत रोग गेलेल्या स्त्रियांनाही त्याचा उपयोग होतो, हे चाचणीत दिसलं.

दुसरा घोटाळा ‘ब्रेन ट्यूमर’ या शब्दाचा. स्तनातून मेंदूत गेलेली गाठ म्हणजे नवा, वेगळा मेंदूचा कर्करोग नव्हे. त्या पेशी स्तनाच्याच. म्हणून जुना रिपोर्ट फार मोलाचा. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डासारखा जपा. त्यात हर-टूपुढे ‘३+’ असेल तर पॉझिटिव्ह समजतात. ‘२+’ असेल तर उत्तर अर्धवट आहे. अशा वेळी फिश नावाची पुढची चाचणी झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि एक समजूत सोडून द्या. सुई लावली की रोग पसरतो, या भीतीने कितीतरी बायका तपासणीच टाळतात. सुईने तुकडा काढल्याने रोग मेंदूत जात नाही. उलट सुई टाळण्यात जे महिने जातात, त्यात रोग पुढे सरकतो.

आता तिसरा शब्द, जो उच्चारलाच जात नाही. ‘स्तन’ हा शब्द कवितेत चालतो, घरात चालत नाही. कुणी ‘छातीत काहीतरी लागतंय’ म्हणतं, आमच्या घरांत ‘सीने में गांठ’ म्हणतात, तेही कुजबुजत, जावेच्या किंवा बहिणीच्या कानात. नवऱ्याला कळेपर्यंत दोन सण उलटतात. मघाशी सांगितलेल्या कारणांपैकी रोगाची जात आपल्या हातात नाही, वयही नाही. पण रोग कोणत्या टप्प्यावर सापडतो, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

याचा पुरावा आपल्याच मुंबईत आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८मध्ये मुंबईतल्या वस्त्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही. निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे तपासणी झाली तिथे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेल्या रुग्ण शंभरात ३७ होत्या, जिथे झाली नाही तिथे ४७. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. हा अभ्यास मेंदूबद्दल नव्हता. पण मेंदूपर्यंतची वाट ज्या पुढच्या टप्प्यांवरून जाते, तिथे पोचण्याआधी रोग साध्या, शिकवलेल्या हातांना सापडू शकतो, एवढं त्याने दाखवलं.

उपचार सुरू झाले की ते पुरे करणं हेही आपल्या हातात असतं. हर-टूचं इंजेक्शन सुरुवातीच्या टप्प्यात साधारण वर्षभर, दर तीन आठवड्यांनी असतं. बोरिवलीहून किंवा मुलुंडहून परळपर्यंत इतक्या खेपा करायच्या म्हणजे बाई थकते आणि मध्येच सोडते. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. रुग्णालयाचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा.

शेवटी लक्षणं. सकाळी उठताना जास्त ठणकणारं आणि दिवसेंदिवस वाढत जाणारं डोकं. त्याबरोबर उलटी. कधी न आलेली फिट. हातातून चहाचा कप निसटणं, एक चप्पल घासत चालणं, जिन्याची पायरी चुकणं. अंधुक किंवा दोन-दोन दिसणं. जीभ जड होणं, स्वभाव एकाएकी बदलणं. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे मेंदूतली गाठ नव्हे, आणि काहीच त्रास नसताना प्रत्येकीने एमआरआय करावा, असंही नाही. पण जिला स्तनाचा कर्करोग झाला होता, मग त्याला पाच वर्षं का झाली असेनात, तिची अशी लक्षणं पित्तावर, चष्म्याच्या नंबरावर किंवा वयावर ढकलू नका. आपल्या कर्करोगाच्या डॉक्टरांकडे जा आणि पहिलं वाक्य हेच बोला, “मला स्तनाचा कर्करोग झाला होता.” नाक्यावरच्या डॉक्टरकडे गेलात तरी हेच वाक्य बोला, कारण ते ऐकल्यावरच त्यांचा विचार योग्य दिशेने सुरू होईल.

मेंदूत गाठ निघाली तरी सगळं संपलं, असं समजायचं कारण नाही. सूज उतरवणारी औषधं आहेत. गाठी मोजक्या असतील तर नेमक्या तेवढ्यावरच किरणांचा मारा करता येतो. कधी शस्त्रक्रिया होते, कधी संपूर्ण मेंदूला किरणोपचार देतात. हात-पाय-वाचा शाबूत असताना पोचलं, तर ती शाबूत राखण्याची संधी जास्त.

घरातल्या पुरुषांना एवढंच सांगेन. तिने कुजबुजत सांगायची वाट पाहू नका. तुम्हीच विचारा, तिचा रिपोर्ट वाचा, न कळलेला शब्द डॉक्टरांना विचारा.